पारावरचें आरोग्य

घरांतील वडील मंडळींच्या प्रकृतीची काळजी कोणत्या सुशिक्षित कुटुंबांत वाहिली जात नाहीं? रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी ताटाशेजारीं ठेवलेली असते, रक्तांतील साखरेचे आंकडे दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत टिपलेले असतात, तीन महिन्यांनीं एकदां चिरंजीव रजा काढून वडिलांस तपासणीसाठीं घेऊन जातात. एवढें सारें यथास्थित चाललें असतां महिनाअखेर डबी उघडावी, तों निम्म्या गोळ्या जागच्या जागीं! कारण विचारावें, तर उत्तर ठरलेलें असतें: "बरें वाटतें आहे ना मला, मग कशाला उगीच?" सूनबाई नाराज होतात, चिरंजीव आंकडे ऐकवितात, नातू मोबाइलवर हृदयाचें चित्र काढून दाखवितो. आजोबा सर्वांचें शांतपणें ऐकून घेतात आणि संध्याकाळीं मारुतीच्या पारावर जाऊन बसतात. तेथें त्यांचाच एक जोडीदार बोलतां बोलतां सांगतो कीं, "मीहि अशाच सोडल्या होत्या, एके दिवशीं सकाळीं चूळ भरायला गेलों, तर पाणी तोंडाच्या एका बाजूनें गळायला लागलें." दुसऱ्या दिवसापासून आजोबांची गोळी चुकत नाहीं.

असा अनुभव ज्या घरीं आला नसेल तें घर विरळा. तरीहि वृद्धांना आरोग्याची गोष्ट कोणीं सांगावी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. काय सांगावें याचाच खल करीत बसतों. डॉक्टरांचें ज्ञान निर्विवाद आहे. परंतु चाळिशींतील डॉक्टर सत्तरीच्या गुडघ्याविषयीं जें बोलतात, तें कितीहि बरोबर असलें तरी परस्थाचें बोलणें वाटतें. मुलाचें प्रेमहि निर्विवाद आहे. परंतु ज्याला आपण बोट धरून शाळेंत नेलें तोच आतां आपल्याला पथ्य शिकवितो, यांत मानाला कोठें तरी ठेंच लागते. बरोबरीच्या माणसाच्या बोलण्यांत हें शल्य नसतें. तो वरून सांगत नाहीं, शेजारीं बसून सांगतो; आणि त्याचा स्वतःचा गुडघा त्या वेळीं कुरकुरत असतो, हाच त्याच्या म्हणण्याचा पुरावा होय. वृद्धांच्या आरोग्याचा प्रसार वृद्धांनींच, त्यांच्या नित्याच्या बैठकीच्या जागीं करावा, हा विचार यांतूनच निघतो. आणि तो पुस्तकी नसून पुष्कळ ठिकाणीं कसास लागलेला आहे.

हा विचार धाराशिव जिल्ह्यापुरता मांडून पाहिला म्हणजे त्याची निकड अधिक ध्यानीं येते. २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्याची (तेव्हां त्याचें नांव उस्मानाबाद होतें) लोकसंख्या १६,५७,५७६ भरली. त्याच गणनेंत सबंध महाराष्ट्रांत साठी ओलांडलेल्यांचें प्रमाण शेंकडा ९.९ होतें, म्हणजे दर दहा माणसांत जवळजवळ एक. त्यांतून हा भाग अवर्षणाचा. हातांना काम अपुरें. भूम, परांडा, वाशी, कळंब या बाजूचीं पुष्कळ कुटुंबें दसरा झाला कीं ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तीं उन्हाळा लागल्यावरच परततात. मागें उरतात म्हातारीं माणसें आणि शाळेंत जाणारीं नातवंडें. सुशिक्षित घरांची तऱ्हा दिसावयास निराळी, पण हिशेब तोच. मुलें पुण्याला, मुंबईला, हैदराबादला किंवा त्याहूनहि पलीकडे. आणि आईवडील धाराशिवच्या वा तुळजापूरच्या जुन्या घरांत. पैसा वेळच्या वेळीं येतो, औषधाचें पुडकेंहि येतें. परंतु आज पाय सुजला आहे का, हें समोर बसून विचारणारें माणूस येत नाहीं. एकत्र कुटुंब मोडलें असें म्हणवत नाहीं. तें रविवारीं रात्रीं मोबाइलच्या पडद्यावर एकत्र येतेंच. मधल्या सहा दिवसांचे सोबती मात्र गल्लींतील दुसरे वृद्ध हेच होत.

समवयस्कानें समवयस्काची परीक्षा करावी, याची एक फार जुनी आठवण या जिल्ह्यानें जपली आहे. तेरचे संत गोरोबा कुंभार हे संतमेळ्यांत वयानें वडील, म्हणून सर्वजण त्यांना 'काका' म्हणत. त्यांनीं आपलें थापटणें घेऊन एकेकाच्या डोक्यावर थाप मारली आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा लहानथोरांस ठाऊक आहे. तींतील अध्यात्म क्षणभर बाजूस ठेवलें तरी लौकिक अर्थ उरतोच. परीक्षक कोणी बाहेरून आलेला शास्त्री नव्हता, नित्य बरोबर बसणारा-उठणारा कुंभार होता. नामदेव रागावले खरे, पण त्या रागांतूनच गुरूच्या शोधास निघाले. असल्या बोलण्याचा राग येतो आणि गुणहि येतो.

अलीकडच्या काळांतील उदाहरणें पाहावयाचीं, तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपासून आरंभ करावा लागतो. गणेशविसर्जनाची रात्र सरतां सरतां किल्लारी-सास्तूर भागांत भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. दगडमातीच्या जाड भिंती व माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. पुढें घरें दुरुस्त करण्याची वेळ आली तेव्हां भूकंपाला टिकणारी बांधणी कशास म्हणावें, हें गांवोगांव समजावून सांगण्याचें काम गांवच्या बायकांनींच पत्करलें. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें अशा स्त्रियांना 'संवाद सहायक' या नांवानें पुढें आणलें. अभियंत्याचा नकाशा ज्या घरांत उलगडलासुद्धां गेला नसता, त्या घरांत शेजारीण चुलीपाशीं बसून भिंतींत दगड कसा आडवा घालावा हें सांगून आली. गोष्ट घरबांधणीची खरी. पण या मातींत ज्ञान कोणत्या वाटेनें चालतें तें तिनें दाखवून दिलें.

त्याच पुनर्वसनानें वृद्धांचें एक नुकसानहि केलें, आणि त्याचा उल्लेख सहसा होत नाहीं म्हणून येथें करतों. नवीं गांवें आंखीव रस्त्यांचीं, ऐसपैस अंगणांचीं झालीं. घरें सुरक्षित झालीं, हें मोठेंच काम. परंतु जुन्या गांवांतल्या दाट आळ्या, एकमेकांस लागून असलेले ओटे, वळणावरचा पार हें सर्व त्या ढिगाऱ्याखालीं राहिलें. तरण्या माणसाला चार पावलें अधिक चालणें म्हणजे कांहींच नव्हे. ज्याची सांगात करणारी काठी आहे, त्याला मात्र दोन गल्ल्या पलीकडचा मित्र परगांवीं गेल्यासारखा होतो. बसण्याची जागा गेली कीं बोलणें जातें, आणि बोलणें गेलें कीं म्हातारपण लवकर अंथरुणाला खिळतें.

भूकंपग्रस्त टापूला लागूनच, तुळजापूर तालुक्यांत सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर अणदूर हें गांव आहे. औरंगाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या चळवळींतून निघालेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेनें हें गांव आपलें ठाणें केलें. डॉ. शशिकांत अहंकारी व डॉ. शुभांगी अहंकारी या दांपत्यानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेड्यापाड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना शिकवून 'भारतवैद्य' केलें. साधे आजार ओळखणें, थोडीं निर्धोक औषधें देणें, गर्भिणीची व बाळाची देखरेख करणें आणि आपल्या आवांक्याबाहेरचा रोगी वेळेवर दवाखान्यांत पाठविणें, हें त्या करूं लागल्या. ज्या बाईला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हतें, तिच्या दारांत माणसें येऊन बसूं लागलीं.

या कल्पनेचें माहेर त्याहून जुनें व फार लांब नव्हे. भूमच्या शिवेपलीकडे, नगर जिल्ह्यांत (आतां अहिल्यानगर) जामखेड आहे. तेथें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभिला. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिलें. परिचारिका हुशार होत्या, पण बाहेरच्या. लोकांनीं त्यांचें ऐकलें नाहीं. तेव्हां गांवांतीलच प्रौढ, बहुधा निरक्षर, पुष्कळदां दलित समाजांतील बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका करण्यांत आलें. त्या आठवड्यास जामखेडला येत, निरनिराळ्या जातींच्या असून एकत्र जेवत, एकत्र निजत आणि शिकलेलें परत गांवीं नेत. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें आणि जगांतून माणसें जामखेड पाहावयास येऊं लागलीं. पाहावयास काय, तर अक्षरशत्रू बाई दुसऱ्या बाईस हात धुण्याचें महत्त्व सांगते आहे, एवढेंच.

हे सर्व प्रयत्न वृद्धांसाठीं म्हणून झालेले नव्हते. रोख माता-बालकांवर होता आणि त्या काळीं तोच योग्य होता. परंतु तेव्हां ज्या आया होत्या त्या आज आज्या झाल्या. रोगहि बदलले: अतिसाराची जागा रक्तदाबानें व मधुमेहानें घेतली. २००५ सालापासून गांवोगांव आलेल्या आशाताई पुष्कळ काम करतात, पण त्यांच्या पदरांत कामाचें ओझें मोठें. शिवाय आशाताई म्हणजे बहुधा गांवची सून. पंचाहत्तरीच्या सासऱ्याच्या बरोबरीच्या माणसाला तिनें लघवीचा त्रास कसा विचारावा आणि त्यानें तो कसा सांगावा? तोच माणूस पारावर, आपल्या वर्गबंधूला, हसत हसत सांगेल कीं रात्रीं पांच वेळां उठावें लागतें, आणि पांच जण म्हणतील, "आम्हांलाहि!" त्यांतला एक जण शस्त्रक्रिया करून आलेला असला म्हणजे पुढची वाट तोच दाखवितो.

आतां शहरांतून व मोठ्या गांवांतून ज्येष्ठ नागरिकांचे संघ झाले आहेत, विरंगुळा केंद्रें झालीं आहेत, सकाळचे हास्यसंघहि आहेत. हास्यसंघाचा उगम मोठा मौजेचा. १३ मार्च १९९५ रोजीं मुंबईंत डॉ. मदन कटारिया यांनीं अवघ्या पांच माणसांसह बागेंत हसावयास आरंभ केला. प्रथम विनोद सांगून हसत. पण पंधरा दिवसांत चांगले विनोद संपले आणि उरलेल्यांनीं मनें दुखावूं लागलीं. तेव्हां विनोदावांचून हसण्याची युक्ति निघाली, आणि ती टिकली. हसण्यानें कोणते रोग बरे होतात याविषयींच्या गप्पा आम्ही फारशा मनावर घेत नाहीं. मात्र सकाळीं सहा वाजतां कोणी तरी आपली वाट पाहत आहे, आणि आपण गेलों नाहीं तर चौकशीला घरीं येईल, ही गोष्ट औषधाहून थोडी नव्हे.

संघांच्या आरोग्यकार्याविषयीं मात्र एक तक्रार आहे. तेथें आरोग्य म्हणजे महिन्यांतून एकदां कोणा तज्ज्ञाचें व्याख्यान. व्याख्याते येतात, हार होतो, पाऊण तास पडद्यावर हृदयाच्या नळ्या दिसतात, आभारप्रदर्शन होतें, चहा-बटाटेवडा होतो आणि मंडळी घरीं जातात. व्याख्यान ऐकणें हा आपल्याकडे कीर्तन ऐकण्यासारखा पुण्याचा भाग आहे. ऐकलें म्हणजे झालें. दुसऱ्या दिवशीं कोणी काय बदललें, हें पाहावयास कोणीहि नसतें.

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लोरिग या विदुषीनें संधिवाताच्या रोग्यांसाठीं आणि पुढें सर्वच दीर्घ आजारांसाठीं जी पद्धत बसविली, तींत व्याख्यान जवळजवळ नाहींच. आठवड्यास एक याप्रमाणें सहा बैठकी, प्रत्येक अडीच तासांची. माणसें दहा-पंधरा, वर्तुळांत बसलेलीं. चालविणारे दोघे, आणि तेहि स्वतः तसल्याच आजाराचे जुने सोबती. दोघे अशासाठीं कीं एकाला बरें नसलें तरी बैठक मोडूं नये. सर्वांत उपयोगी भाग म्हणजे आठवड्याचा संकल्प. प्रत्येकानें पुढील सात दिवसांत आपण काय करणार तें सांगावयाचें. "मी रोज चालेन" असें मोघम चालत नाहीं. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचा चहा झाल्यावर शाळेपर्यंत जाऊन परत येईन" असें सांगावें लागतें. मग विचारतात, हें होईल अशी खात्री दहापैकीं किती? उत्तर सातांखालीं आलें तर संकल्पच लहान करतात: शाळेपर्यंत नको, वेशीपर्यंत. पुढच्या आठवड्यांत प्रत्येकाचा हिशेब मंडळींपुढें होतो. कोणी रागावत नाहीं. का झालें नाहीं याची वाट सर्व मिळून शोधतात. लोरिगबाईंना आपल्या आरंभींच्या अभ्यासांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. ज्यांना बरें वाटलें, त्यांना तें व्यायाम किती केला यापेक्षां 'आपल्या हातीं कांहीं तरी आहे' या विश्वासामुळें अधिक वाटलें होतें. म्हातारपणीं हा विश्वासच आधीं गळतो, हें आपण घरोघर पाहतों.

अर्थात् या पद्धतीचा डांगोरा पिटण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत २००२ पासून सरकारनें तशाच बैठकी मोठ्या प्रमाणावर चालविल्या. अशा सर्व प्रयोगांची जी कॉक्रेन समीक्षा २००७ सालीं झाली, तिचा निष्कर्ष माफक होता: आत्मविश्वास, व्यायाम व स्वतःच्या प्रकृतीविषयींचें समाधान यांत थोडी सुधारणा, तीहि थोड्या काळापुरती, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या असें सिद्ध होत नाहीं. आमच्या मतें यांतून एवढेंच निघतें कीं सहा बैठकी करून थांबूं नये. आणि न थांबण्याची सोय आपल्याकडे आधींच आहे. एकादशीचें भजन सहा आठवड्यांनीं बंद पडत नाहीं.

मग आपल्या पारावर, सभामंडपांत किंवा विरंगुळा केंद्रांत काय करावें? आरंभ पडण्यापासून करावा, कारण त्याची लाज बाळगून माणसें तें लपवितात. पासष्टीपुढील दर तीन माणसांत सुमारें एक वर्षांतून एकदां तरी पडतो, असें जागतिक आरोग्य संघटनेचें म्हणणें आहे. कोण कोठें पडला हें एकमेकांस सांगितलें, कीं घरोघरचीं ठिकाणें तींच निघतात: न्हाणीचा शेवाळलेला दगड, सतरंजीची दुमडलेली कड, रात्रीं लघवीला उठतांना न लावलेला दिवा, नऊवारीचा सुटलेला सोगा. मग उपाय सांगावे लागत नाहींत. ज्यानें न्हाणीच्या भिंतीला कडी ठोकून घेतली तो आपण होऊन सांगतो. त्याच्या जोडीला पायांची ताकद. हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठणें-बसणें, भिंतीला हात टेकून एका पायावर उभें राहणें, रेषेवरून टांच-बोट जुळवीत चालणें, यांस पैसा पडत नाहीं. साठी-पासष्टीच्या माणसांनीं आठवड्यास १५० मिनिटें तरी चालावें-हिंडावें आणि निदान तीन दिवस तोल सांवरण्याचे असे व्यायाम करावे, असें त्याच संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. कोण किती सेकंद एका पायावर उभा राहिला याची चढाओढ लागली, म्हणजे ऐंशीच्या घरांतील माणसेंहि शाळेंतल्या पोरांसारखीं हसतात. पाठीशीं कोणी तरी उभें मात्र असावें.

रक्तदाब मोजण्याचें यंत्र संघानें वर्गणींतून घ्यावें. वापरणें अवघड नाहीं. आधीं पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेकलेली, पाय जमिनीला लागलेले, हात छातीच्या उंचीवर टेकलेला, लघवी करून आलेलें असावें, आणि मोजतांना बोलूं नये. ही शेवटची अट पारावर पाळणें सर्वांत कठीण! एकाच आंकड्यानें घाबरूं नये. दोनदां मोजून वहींत तारखेनिशीं लिहावें आणि ती वही डॉक्टरांस दाखवावी. त्यांना तिचा उपयोग तीन महिन्यांच्या एका मोजणीहून कितीतरी अधिक होतो.

मिठाचें प्रकरण त्याहून नाजूक. दिवसाला पांच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा सपाट, एवढें मीठ पुरे. आणि आपल्या ताटांत लोणचें, पापड, कुरडई, शेंगदाण्याची चटणी, खर्डा यांतूनच तें संपतें. सुनेनें लोणचें काढून घेतलें तर तो अपमान होतो. शेजारच्या अण्णांनीं स्वतःहून बरणी दूर सारली तर तें उदाहरण होतें. बायकांत हीच गोष्ट मिश्रीची आहे. मराठवाड्यांत कितीतरी म्हाताऱ्या अजून तंबाखूची भाजलेली मिश्री दांतांना लावतात आणि तिला व्यसन म्हणावयास तयार नसतात. ती सुटते ती बहुधा एखाद्या मैत्रिणीच्या गालांतला पांढरा चट्टा पाहिल्यावर.

आतां भयाची बाजू सांगितली पाहिजे. समवयस्काचा शब्द जितका लवकर पटतो, तितकाच चुकीचा शब्दहि लवकर पटतो. कोणी कारल्याच्या रसावर साखर आटोक्यांत आणल्याचें सांगतो आणि चौघे जण गोळ्या सोडून बसतात. म्हणून पुढाकार घेणाऱ्यानें आपली सीमा पहिल्याच दिवशीं बोलून दाखवावी: औषधाची मात्रा वाढविणें, कमी करणें, बदलणें हें आपलें काम नव्हे. आपण स्वतःचें काय झालें तें सांगावें. दुसऱ्यानें काय घ्यावें तें डॉक्टर सांगतील. दर महिन्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांनीं वा परिचारिकेनें तासभर येऊन मंडळींच्या शंका ऐकाव्या. व्याख्यान देऊं नये, ऐकाव्या. आणि तीन गोष्टी प्रत्येकाच्या जिभेवर असाव्या: चेहरा वांकडा होणें, हात खालीं लोंबणें, बोलणें बोबडें होणें. यांतील एकहि दिसली तर चोळणें-शेकणें, दृष्ट काढणें, मुलाला पुण्याला फोन करून विचारणें यांत वेळ न घालवितां १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी; कारण मेंदूंतील गांठ विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडतें. परांड्याहून किंवा लोहाऱ्याहून मोठें रुग्णालय गांठण्यांतच त्यांतले कितीतरी जातात.

याहून अवघड प्रश्न निराळाच आहे: समवयस्क म्हणजे बरोबरीचा काय? आमच्या वाचकांत निवृत्त शिक्षक, वकील, सरकारी अधिकारी पुष्कळ. असें काम हातीं घ्यावें असें मनांत येणारेहि तेच. त्यांनीं अवश्य घ्यावें. पण आयुष्यभर खुर्चीवर बसलेला माणूस आणि आयुष्यभर रानांत वांकलेली बाई यांचें वय एक असलें तरी त्यांचा गुडघा एक नव्हे. "गुरुजी" म्हणून ज्याच्यापुढें लोक उभे राहतात, तो कितीहि नम्र असला तरी त्याचें बोलणें वरूनच येतें. जामखेडच्या बायका एका पंगतीला बसल्या तेव्हांच त्यांचें ज्ञान गांवभर फिरलें, हें आपण विसरूं नये. सुशिक्षितांनीं जागा मिळवून द्यावी, वही ठेवावी, डॉक्टरांना बोलवावें, यंत्राचे पैसे जमवावे. पण मांगवाड्यांत, धनगरवस्तीवर, मोमीन गल्लींत बोलणारा माणूस तेथलाच असूं द्यावा. आपल्या आळींत आपण बोलावें, आणि तेथेंहि कमी बोलावें.

दुसरी अडचण बायकांची. पार हा पुरुषांचा. संघांच्या खुर्च्यांवरहि पुरुषच अधिक, आणि म्हाताऱ्या बायका पुरुषांहून अधिक काळ जगतात, पुष्कळशा वैधव्यांत. त्यांच्या बैठकी निराळ्या असतात: मंगळवारचें भजन, देवळांतला हरिपाठ, वाळवणाचे दिवस, कोणाच्या तरी नातीचें बारसें. आरोग्याची गोष्ट तेथें गेली पाहिजे. त्या आपल्या दुखण्याविषयीं घरांत बोलत नाहींत. अंग बाहेर येणें, लघवी न आवरणें, छातींतली गांठ, हें सांगावयास सून नको, मुलगा तर नकोच. पण हरिपाठ संपल्यावर चपला शोधतांना शेजारणीच्या कानांत तें सहज सांगितलें जातें. ती शेजारीण शहाणी असली, "मीहि दाखवून आलें, चल तुझ्याबरोबर येतें" एवढें म्हणूं शकली, तर वर्षानुवर्षांचें दुखणें एका दिवसांत दवाखान्याच्या दारांत पोंचतें. एस. टी. चें भाडें ही सबब आतां उरली नाहीं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस राज्यांत एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे आणि पासष्टीपुढील माणसांस निम्म्या भाड्यांत. तुळजापूरच्या दर्शनाला त्याचा पुरेपूर लाभ घेतला जातो. तपासणीच्या वारीलाहि तो घ्यावा.

तुळजापूरचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट. कोजागिरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून व कर्नाटकांतून हजारों माणसें पायीं तुळजापूरला येतात, त्यांत मधुमेही वृद्ध थोडे नसतात, आणि कित्येक अनवाणी. जुन्या मधुमेहांत तळव्याची संवेदना जाते. कांटा रुतला, फोड फुटला तरी कळत नाहीं, आणि महिन्याभरानें बोट कापण्याची वेळ येते. जाऊं नका असें सांगणारा मुलगा हरतो. देवीला शब्द दिलेला असतो. बरोबर चालणारा जोडीदार मात्र दोन गोष्टी करूं शकतो. निघण्यापूर्वीं पंधरा दिवस दोघांनींहि मऊ तळाच्या वहाणा पायांत रुळवून घ्याव्या आणि त्या घालूनच चालावें. आणि वाटेंत प्रत्येक मुक्कामाला, पाय धुऊन कोरडे केल्यावर, दिव्याच्या उजेडांत एकानें दुसऱ्याचे तळवे पाहावे, बोटांच्या बेचकींतसुद्धां. स्वतःचा तळवा या वयांत स्वतःला दिसत नाहीं. पाठ तितकी वांकत नाहीं आणि चष्मा घरीं राहिलेला असतो.